पिटबुल, रॉटवायलर आणि आपली भीती : कुत्र्याच्या जातीवरून नेमकं काय कळतं?

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या, बेवारस कुत्र्यांच्या चार निवारा केंद्रांत संशोधकांनी १२० कुत्री निवडली आणि तिथे काम करणाऱ्या १६ जणांना विचारलं, यांतली पिटबुल कोणती? ही माणसं नवखी नव्हती. त्यांत चार पशुवैद्यही होते. त्यांच्या नजरेने ६२ कुत्र्यांवर पिटबुलचा शिक्का बसला. मग डीएनए तपासला, तर पिटबुल घराण्याचा अंश निघाला फक्त २५ कुत्र्यांत. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

रोज कुत्री हाताळणाऱ्यांची ही गत, तर रस्त्यापलीकडून ओझरतं पाहणाऱ्या साक्षीदाराचं काय? 'पिटबुलचा हल्ला' ही बातमी बहुतेकदा अशाच कुणाच्या तरी अंदाजावर छापली जाते. पुढे त्याच बातम्या मोजून कुणीतरी आकडेवारी तयार करतं आणि त्या आकडेवारीच्या जोरावर कायदा मागितला जातो.

नजर इतकी का चुकते? डोक्याचा आकार, केसांची लांबी, अंगावरचे पट्टे या गोष्टी कुत्र्याच्या हजारो जनुकांपैकी मोजक्याच जनुकांवर ठरतात. संकरातून झालेलं पिल्लू कधी कधी आईसारखंही दिसत नाही आणि बापासारखंही नाही. रुंद डोकं, आखूड केस, भरलेली छाती एवढं दिसलं की आपण 'पिटबुल' म्हणून मोकळे होतो. त्यातून पिटबुल ही काही एकच जात नाही. अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरियर, स्टॅफर्डशर बुल टेरियर आणि त्यांच्यासारखे दिसणारे असंख्य संकर, सगळे या एकाच नावाखाली मोजले जातात.

शिक्क्याचा परिणाम किती होतो, हेही तपासून झालंय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसायला अगदी सारख्या कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एकावर पिटबुल असं लिहिलेलं, दुसऱ्यावर वेगळ्याच जातीचं नाव. पिटबुल लिहिलेल्या कुत्र्याला घर मिळायला तिपटीहून जास्त काळ लागला. फ्लोरिडातल्याच ऑरेंज काउंटीच्या केंद्राने २०१४ मध्ये पिंजऱ्यावरच्या कार्डावरून जात लिहिणं बंद केलं, आणि तशा दिसणाऱ्या कुत्र्यांना घरं मिळण्याचं प्रमाण वाढलं. कुत्री तीच होती, फक्त कार्डावरची एक ओळ गेली होती.

बदनामीची पाळी

आज पिटबुलचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. पण ही पाळी प्रत्येक काळात वेगळ्या कुत्र्यावर आलेली आहे. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोक सगळ्यात जास्त घाबरायचे ते स्पिट्झला. हो, तोच पांढरा, झुपकेदार शेपटीचा, मांडीवर बसवून लाड करायचा कुत्रा. रेबीज त्याच्यामुळेच पसरतो अशी समजूत होती. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो आणि त्याचा जातीशी काही संबंध नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा मात्र स्पिट्झ ठार करा अशी मागणी वर्तमानपत्रांतून होत होती.

त्याच शतकात अमेरिकेत ब्लडहाउंडचीही दहशत होती. पळून गेलेल्या गुलामांच्या मागावर ही कुत्री सोडली जात, त्यामुळे धसका साहजिकच होता. गंमत अशी, की आज ब्लडहाउंड म्हटलं की लोंबत्या कानांचा, वास काढत चालणारा, उदास चेहऱ्याचा गरीब जीव डोळ्यांपुढे येतो.

मग जर्मन शेफर्डचा नंबर लागला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन नाव खपण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याला 'अल्सेशियन' केलं गेलं. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये या कुत्र्याच्या आयातीवर बंदी घातली. मेंढ्यांचे कळप वाढवणाऱ्यांना वाटत होतं की हा अर्धा लांडगा आहे आणि तो रानातल्या डिंगोंशी, म्हणजे तिथल्या जंगली कुत्र्यांशी, संकर करून मेंढ्यांचा फडशा पाडेल. ती बंदी उठायला १९७० चं दशक उजाडलं. दरम्यान हीच जात जगभर पोलिसांबरोबर आणि अंध माणसांबरोबर काम करत होती. पुढे डोबरमन आला, मग रॉटवायलर, मग पिटबुल, आणि अलीकडे एक्सएल बुली, म्हणजे पिटबुलच्याच वंशातला दांडगा अमेरिकन बुली.

यात एक ठरावीक साखळी दिसते. एखादा कुत्रा भीतिदायक म्हणून गाजला की नेमकी भीती घालायची हौस असलेली माणसं तोच कुत्रा शोधायला लागतात. मागणी वाढली की स्वभाव न बघता पैदास करणारे पुढे येतात. पिल्लं घाईने विकली जातात, साखळीला बांधून चिडवली जातात, आणि मग खरोखरच अपघात होतात. बदनामी आधी येते आणि तिला साजेसा पुरावा मागून तयार होतो. याचा अर्थ भीती निव्वळ खोटी असते असं नाही. साप साप म्हणून भुई धोपटताना कधीतरी खरा सापही निघतो.

बंदीने काय साधलं

ब्रिटनने १९९१ मध्ये डेंजरस डॉग्ज ॲक्ट केला आणि चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आणली: पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. एक्सएल बुलीच्या हल्ल्यांत माणसं दगावल्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यालाही सूट-प्रमाणपत्राशिवाय पाळणं गुन्हा ठरलं.

आता हा कायदा कुत्रा ओळखतो कसा ते पाहण्यासारखं आहे. आईबाप कोण, डीएनए काय सांगतो, यावर काही अवलंबून नाही. कुत्रा दिसतो कसा, त्याची मापं किती, एवढंच बघितलं जातं. एक्सएल बुलीसाठी उंचीची अट आहे: खांद्यापाशी नर निदान ५१ सेंटीमीटर, मादी निदान ४८ सेंटीमीटर, आणि त्याबरोबर डोकं, छाती, ठेवण यांचं वर्णन. म्हणजे एकाच विणीतली दोन भावंडं कायद्याच्या दोन बाजूंना असू शकतात. एक बंदी घातलेला, दुसरा मोकळा.

सीमा ओलांडली की आणखी मजा. स्टॅफर्डशर बुल टेरियर हा ब्रिटनमधला अत्यंत लाडका घरगुती कुत्रा, १९९१ च्या बंदीत त्याचं नावही नाही. जर्मनीने २००१ मध्ये ज्या चार प्रकारांच्या आयातीवर बंदी आणली, त्यांत तो आहे. खाडी ओलांडताना कुत्र्याचा स्वभाव तर बदलत नाही.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलसारख्या कुत्र्यांवर बंदी घातली आणि चाव्यांचं प्रमाण कमी होत नाही असं दिसल्यावर २००८ मध्ये ती मागे घेतली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९८९ पासून असलेली बंदी २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी उठवली. भारतात केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलतच झाली नव्हती, हे त्यामागचं एक कारण. त्या यादीत 'बॅनडॉग'ही होता. ती जात नव्हेच, राखणीसाठी केलेल्या मोठ्या कुत्र्यांच्या संकराला दिलेलं ढोबळ नाव आहे.

बंदीचा खरा तोटा मला वेगळा वाटतो. ज्या मालकाने कुत्र्याला नीट वाढवलं, नोंदणी केली, लस टोचली, तो कायद्याच्या तावडीत सहज सापडतो. ज्याने तळघरात बांधून ठेवला आहे, तो सापडत नाही. फार तर उद्या दुसरी जात आणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने हा रस्ता सोडून दिला. तिथे जातीचं नावच नाही. प्रत्येक कुत्र्याचा परवाना काढायचा, नियम मोडला तर मालकाला जबर दंड, आणि एखाद्या कुत्र्याने खरोखर त्रास दिला तर फक्त त्या कुत्र्यावर निर्बंध.

मग जातीला काहीच अर्थ नाही का?

आहे. इथे कुत्राप्रेमी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. 'सगळं संगोपनावर असतं, जातीचं काही नसतं' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ते पूर्ण खरं नाही. पॉइंटरचं पिल्लू कुणी न शिकवता शिकारीच्या दिशेने एक पाय उचलून थिजतं. बॉर्डर कोली अंगणातल्या मुलांनासुद्धा मेंढ्यांसारखी वळवून एका कोपऱ्यात आणू पाहतं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने हे गुण त्यांच्यात मुरवले आहेत.

बुल जातीच्या टेरियरांचा इतिहासही लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी लावायला सुरुवात केली. त्या चार भिंतींच्या आड उरकता येत. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर केला गेला. या वंशातल्या काही कुत्र्यांना दुसरी कुत्री सहन होत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. पण दुसऱ्या कुत्र्यावर चिडणं आणि माणसावर चिडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. मालकांना सविस्तर प्रश्नावली देऊन केलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो. पिटबुल आणि अकिता दुसऱ्या कुत्र्यांशी आक्रमक वागण्यात वरच्या क्रमांकावर होते. माणसांवर गुरगुरण्यात आणि चावण्यात मात्र पहिल्या पंगतीला बसले होते डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर.

डॅक्सहुंडवर बंदी घाला असं कुणी म्हणत नाही, कारण त्याने चावलं तर पट्टी बांधून भागतं. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. जातीवरून कुत्रा चावेल की नाही हे फारसं कळत नाही. चावला तर काय होईल, हे मात्र बरंचसं कळतं. सायकलचा ब्रेक निकामी झाला तर गुडघे फुटतात, ट्रकचा झाला तर माणसं जातात. म्हणून ट्रक वाईट ठरत नाही, पण तो चालवणाऱ्याकडून जास्त अपेक्षा ठेवली जाते. ५० किलोचा, झडप घातली की न सोडणारा कुत्रा पाळायचा असेल तर आपली तयारीही तेवढी हवी.

पहिल्या भागाला, म्हणजे जातीवरून स्वभाव फारसा कळत नाही याला, भक्कम आधार आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली होती आणि २,१५५ कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं असतं, त्या फरकातला सरासरी सुमारे ९ टक्के फरक जातीने समजावता येतो, असं त्यात निघालं. माणसाच्या सांगण्याला किती प्रतिसाद देतो, यात जातीचा थोडा हात दिसला. किती लवकर चिडतो, यात जवळजवळ नाहीच. 'लॅब्राडोर आहे, म्हणजे मुलांना काही करणार नाही' हे गृहीत धरणं त्यामुळेच धोक्याचं आहे. दोन जातींच्या सरासरीत असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत असतो.

दोन गैरसमजही इथेच बाजूला करू. पिटबुलचा जबडा 'लॉक' होतो म्हणतात. तसं कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. तो सोडत नाही, कारण न सोडण्याची जिद्द त्याच्यात पैदाशीने आली आहे. आणि या जातीची कुत्री पूर्वी मुलं सांभाळायला ठेवत, ही प्रेमळ गोष्ट समाजमाध्यमांवर खूप फिरते, तिलाही इतिहासात आधार नाही. बदनामीचं उत्तर अशा लाडिक थापेने दिलं, तर नुकसान होतं ते लहान मुलांचं.

आकडे वाचताना

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्याच्या हल्ल्यात २३८ माणसं दगावली आणि त्यांत निम्म्याहून जास्त घटनांत पिटबुलसारखी कुत्री आणि रॉटवायलर होते, असं २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बंदीच्या बाजूने बोलणारे हाच आकडा पुढे करतात. पण अभ्यास करणाऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं, की यावरून जातीचा धोका काढता येणार नाही. एखाद्या जातीच्या कुत्र्यांनी किती हल्ले केले याला भागायचं असतं, त्या जातीची एकूण कुत्री किती आहेत याने. हा खालचा आकडा कुणाकडेच नाही. शिवाय वरच्या आकड्यात ओळखण्याची चूक आहे, ती आपण सुरुवातीला पाहिली. त्या २३८ घटनांत निदान २५ जातींची नावं आली होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

यापेक्षा कितीतरी उपयोगी अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात २००० ते २००९ या दहा वर्षांतल्या अशा २५६ मृत्यूंचा तपशील होता, तोही केवळ बातम्यांवरून नाही. तपास करणारे पोलीस, प्राणी नियंत्रण अधिकारी यांच्याशी बोलून तो गोळा केला होता. जात खात्रीने सांगता आली फक्त ४५ घटनांत. पण बाकी परिस्थिती लख्ख दिसली. ८७.१ टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५.२ टक्क्यांत मृत व्यक्तीची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती, असली तरी जुजबी. ८४.४ टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७७.४ टक्क्यांत ती व्यक्ती वयाने लहान होती, किंवा शरीराने-मनाने स्वतःला वाचवण्याच्या स्थितीत नव्हती. ७६.२ टक्क्यांत कुत्रा घरात माणसांबरोबर न वाढता आवारात, साखळीला, पिंजऱ्यात एकटा वाढला होता. आणि यांतली, किंवा यांच्यासारखी, चार किंवा अधिक कारणं एकत्र आली होती ८०.५ टक्के घटनांत.

एकटं कारण क्वचितच पुरतं, हे यातलं महत्त्वाचं. साखळीला बांधलेला एकाकी कुत्रा, फाटक उघडं, आत शिरलेलं अनोळखी लहान मूल आणि घरात कुणी नाही, हे सगळं एका दुपारी जुळून येतं. यांतलं कुठलंही एक जरी मालकाने मोडलं असतं, तर बहुधा काही झालं नसतं. नसबंदीच्या आकड्याबद्दल मात्र एक शंका घ्यायला हवी. नसबंदी केली की कुत्रा शांत होतो, असं त्यावरून सिद्ध होत नाही. नसबंदी न करणारे मालक इतर बाबतींतही ढिले असतील, हेही त्यामागे असू शकतं. करायची की नाही, कोणत्या वयात, हे पशुवैद्याशी बोलूनच ठरवावं.

दोरी हातात असलेल्या माणसाने काय करावं

पहिलं काम कुत्रा घरी येण्याआधीचं. जातीचा फोटो बघून नाही, आईबाप बघून पिल्लू निवडावं. विकणारा पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच परत फिरावं. आई अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात दबत असेल किंवा दात विचकत असेल, तर तिच्या पिल्लांची जात कितीही गरीब समजली जात असो, नको म्हणावं.

त्यानंतरचा सगळ्यात मोलाचा काळ फार लवकर निसटतो. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्याच्या मेंदूत 'जगात काय काय असतं' याची यादी तयार होत असते. त्या काळात जे निर्धोकपणे भेटलं, ते आयुष्यभर ओळखीचं राहतं. जे भेटलंच नाही, त्याची पुढे भीती बसू शकते, आणि कुत्रे चावतात ते बहुतेक वेळा भीतीने. म्हणून त्याला छत्री उघडताना दिसू द्या. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारी आजी, कुबड्या, पळणारी मुलं, मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी, सगळं दुरून आणि खाऊ देत दाखवा. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून चार महिने घरात कोंडून ठेवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. पहिली लस झाल्यावर कडेवर घेऊन बाहेर नेता येतं, लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी भेट घडवता येते. कुठे नेऊ नये, ते पशुवैद्य सांगतील.

शिकवताना मारायचं नाही. हा भूतदयेचा मुद्दा आहेच, पण त्याहून जास्त सुरक्षिततेचा आहे. तक्रारी घेऊन वर्तनतज्ज्ञांकडे आलेल्या मालकांना एका अभ्यासात विचारलं होतं, की तुम्ही काय काय उपाय केले आणि कुत्र्याने काय केलं. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या ४३ टक्क्यांच्या अंगावर कुत्रा उलटला. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं, नुसतं डोळ्यांत रोखून पाहणाऱ्यांत ३० टक्के. 'त्याला मालक कोण ते दाखवायला हवं' या नावाखाली जे चालतं, त्याचा हा हिशेब.

आता एक नेहमीचं दृश्य. कुत्रा कोपऱ्यात हाड चघळत पडला आहे. तीन वर्षांचं मूल त्याच्याकडे रांगत निघालं. कुत्र्याचं चघळणं थांबतं. तो मान किंचित दुसरीकडे वळवतो, पण डोळे मुलावरच. बुबुळ कडेला गेल्यामुळे डोळ्याची पांढरी कोर दिसते. भूक नसताना जीभ नाकावरून फिरते. एखादी जांभई येते. मूल आणखी पुढे सरकतं. कुत्र्याचं अंग ताठ होतं, शेपटी थांबते, आणि मग घशातून गुरगुर. इथपर्यंत त्याने पाच वेळा 'नको' म्हटलेलं आहे. आपण काय करतो? गुरगुर ऐकली की त्याच्या पाठीत एक धपाटा घालतो. दोन-चार वेळा असं झालं की कुत्रा गुरगुरायचं सोडून देतो. नकोसं वाटणं मात्र तसंच राहतं. पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावतो आणि घरचे म्हणतात, 'अचानक चावला हो, कधी गुरगुरलासुद्धा नाही.'

गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे आभार मानून मुलाला उचलून न्यायचं असतं. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा घरचा किंवा ओळखीचाच असतो, त्यामुळे 'आपलाच तर आहे' हा भरवसा उपयोगाचा नाही. मूल आणि कुत्रा एका खोलीत, तर मोठं माणूसही त्याच खोलीत, आणि हातात फोन न घेता. नाही जमत? मग मधलं दार बंद. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना, आजारी असताना त्याच्या जवळ जायचं नाही, हे मुलाला चालायला शिकवतानाच शिकवायचं.

मुसक्याबद्दल आपल्याकडे उगीच लाज बाळगतात. मुसकं दिसलं की लोक समजतात कुत्रा चावरा आहे, म्हणून मालक ते घालत नाहीत. जाळीदार, टोपलीसारखं मुसकं घातलेल्या कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, त्यातून खाऊही देता येतो. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी पशुवैद्याच्या टेबलावर दोन मिनिटांपुरती ठीक. फिरायला जाताना ती घालणं घातक आहे, कारण कुत्रा धाप टाकूनच अंग थंड ठेवतो. सवय लावायची ती दमादमाने. मुसक्याच्या तळाशी खाऊ ठेवायचा, त्याने आपण होऊन नाक आत घालायचं, बंद आज लावायचा नाही. आठवडाभराने एक क्षण बंद लावून लगेच काढायचा. जखमी झालेला मवाळ कुत्राही वेदनेने चावू शकतो. त्या दिवशी ही सवय उपयोगी पडते, म्हणून ती प्रत्येक जातीच्या कुत्र्याला असावी.

आणि दोरी. 'घाबरू नका, काही करत नाही तो' हे वाक्य लांबून ओरडत येणारे मालक या सगळ्या बदनामीला सर्वाधिक हातभार लावतात. समोरच्याला कुत्र्याची भीती वाटते, एवढं कारण पुरे आहे. दोरी आखडून घ्यावी, रस्त्याची बाजू बदलावी. कुत्रा मोठा, काळा, रुंद जबड्याचा असेल तर जरा जास्तच. हे अन्यायाचं वाटेल, की शेजाऱ्याचा पूडल मोकळा हुंदडतो आणि आपल्यालाच सगळे नियम. अन्याय आहेच. पण त्या कुत्र्याबद्दलचं लोकांचं मत वाद घालून बदलत नाही. जिन्यात शांत बसून माणसांना आधी वाट देणारा रॉटवायलर रोज दिसला, तर थोडंफार बदलतं.

एवढं करूनही चावलंच तर? ज्याला चावलं त्याची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. 'आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे' म्हणून कुणाला घरी बसवायचं नाही. लसीचं कार्ड त्यांच्या हातात द्यायचं, खर्च आपण करायचा, आणि काय घडलं ते आहे तसं सांगायचं. 'यानेच छेडलं असेल' हे मनातसुद्धा आणायचं नाही. मग कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यायचं. आजवर न चावलेला कुत्रा एकाएकी चावतो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा दुखणं असतं: कानाचा संसर्ग, किडलेला दात, सांधेदुखी. दुखणं निघालं तर त्यावर उपचार, नाही निघालं तर वर्तनतज्ज्ञ. आणि त्यांच्याकडून नीट सल्ला मिळेपर्यंत घराबाहेर पडताना मुसकं आणि आखूड दोरी.